गळ्यात उरलेलं व्हायोलिन

दारव्ह्याहून यवतमाळला एसटीने निघालं की चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात एक मोठा ख्याल आरामात ऐकून होतो. गेल्या पावसाळ्यात मी असाच कानात इअरफोन घालून पंडित उल्हास कशाळकर ऐकत होतो. कशाळकर म्हणजे आमच्या जिल्ह्याचे, पांढरकवड्याचे. त्यामुळे त्यांचं गाणं ऐकताना थोडा फुकटचा अभिमानही असतो. रेकॉर्डिंग संपलं आणि फोनने आपल्या मनाने पुढचं लावलं.

आधी तंबोरा. मग एक लांब आकार. आवाज जरा नाकातला वाटला. म्हटलं, जुनं रेकॉर्डिंग आहे, असायचंच. आलाप झाला, बंदिशीचा मुखडा आला, सम आली, तबल्याने ती झेलली. शब्द मात्र येईनात. मी फोन खिशातून काढून पाहिला. गात कोणीच नव्हतं. ते व्हायोलिन होतं. वाजवणाऱ्याचं नाव लिहिलं होतं : गजाननबुवा जोशी.

हे नाव मी ऐकलेलं होतं, पण वेगळ्या जागी. कशाळकरांच्या गुरूंमध्ये राम मराठे येतात आणि गजाननबुवा जोशी येतात. म्हणजे आपल्या काळातल्या एका मोठ्या ख्यालगायकाला घडवणारा माणूस व्हायोलिन वाजवत होता. गवयाचा गुरू व्हायोलिनवाला कसा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. तो सोडवायला गेलो तेव्हा कळलं की प्रश्न मी उलटा धरला होता.

फिडल नावाचा पाहुणा

व्हायोलिन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो सिनेमातला नायक : उभा, हनुवटीखाली वाद्य, डोळे मिटलेले. वाद्य मुळात इटलीचं. सोळाव्या शतकात उत्तर इटलीत त्याला आजचं रूप आलं. पुढे युरोपभर पसरलं आणि एकोणिसाव्या शतकात तर हंगेरीसारख्या देशाने एकामागून एक थोर व्हायोलिनवादक दिले. योझेफ योआखिम, लिओपोल्ड आउअर, येनो हुबाय, योझेफ सिगेटी ही सगळी तिथलीच नावं. त्यातल्या सिगेटीकडे आपण पुढे येणार आहोत.

भारतात हे वाद्य साहेबाबरोबर आलं. दक्षिणेने ते फार लवकर उचललं. मुथुस्वामी दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी दीक्षितर मद्रासला ते शिकले आणि त्यांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. तंजावरचा वडिवेलुही याच काळातला. त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी 1834 मध्ये त्याला व्हायोलिन भेट दिलं होतं. तंजावर तेव्हा भोसल्यांचं होतं, म्हणजे या कथेत मराठी दरबार पहिल्यापासून हजर आहे. शंभर वर्षांत दक्षिणेत व्हायोलिनशिवाय मैफल पुरी होईना.

आपल्याकडे मात्र ते बराच काळ पाहुण्यासारखं राहिलं. जुनी माणसं त्याला 'फिडल' म्हणत. गाण्याच्या साथीला सारंगी होती, मग पेटी आली, नाटकात ऑर्गन आला. फिडलला ठरलेली जागा नव्हती. सतारीला जसं बाज असतो, घराणं असतं, आजोबा-पणजोबा असतात, तसं उत्तर हिंदुस्थानी संगीतात व्हायोलिनला कोणी नव्हतं.

बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आपली होतेच असं नाही. आमच्या दारव्ह्यालाच बघा ना. मोतीबाग स्टेशनातून जाणारी शकुंतला रेल्वे, यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरोगेज. वऱ्हाडाचा कापूस न्यायला ब्रिटिश कंपनीने बांधलेली. लोकांनी तिला इतकं प्रेमाचं नाव दिलं, तरी स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकं आपली रेल्वे त्या कंपनीला लाइनचे पैसे मोजत होती. आता गाडी बंद आहे. नाव आपलं, प्रेम आपलं, पण लाइन परक्याचीच राहिली. व्हायोलिनचंही असं होऊ शकलं असतं. ते झालं नाही, यामागे तीन-चार माणसं आहेत आणि त्यात गजाननबुवा फार वरच्या जागी आहेत.

गवयांच्या घरात

गजानन अनंत जोशी यांचा जन्म 1911 चा, मुंबईतल्या गिरगावातला. वडील अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा. अंतुबुवा हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. बाळकृष्णबुवांचं नाव एकदा लक्षात ठेवा, कारण ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजली ती प्रामुख्याने त्यांच्यामुळे. विष्णू दिगंबर पलुस्कर, मिराशीबुवा, अंतुबुवा हे सगळे त्यांचेच.

अंतुबुवा पुढे औंध संस्थानचे दरबारी गवई झाले. सातारा जिल्ह्यातलं हे संस्थान नकाशावर लहान, पण तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांच्या प्रचारासाठी लोक त्यांना ओळखतात. त्यांनी औंधला उभारलेलं चित्र-शिल्पांचं संग्रहालय आजही आहे. अशा गावी, अशा घरी गजाननराव वाढले. त्यांनी व्हायोलिन हातात घेतलं तेव्हा त्यांच्या कानात ग्वाल्हेरची गायकी आधीच मुरलेली होती.

मला त्यांच्या गुरूंची यादी वाचताना गंमत वाटते. वडील अंतुबुवा : गवई. रामकृष्णबुवा वझे : गवई. कोल्हापूरचे भुर्जीखाँ, म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव : गवई. आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ : गवई. देशातल्या एका अव्वल व्हायोलिनवादकाच्या गुरूंमध्ये ही जी ठळक नावं आहेत, ती सगळी गळ्याने गाणारी.

आणि ही नावं तीन वेगवेगळ्या घराण्यांची आहेत. आज यूट्यूबवर आपण सकाळी ग्वाल्हेर, दुपारी जयपूर ऐकतो, त्यामुळे यातली अडचण चटकन कळत नाही. त्या काळी घराणं म्हणजे घराला कुलूपच. बंदिशी लपवल्या जायच्या, अनवट राग शिष्यालाही जपून दिला जायचा. ग्वाल्हेरची गायकी मोकळी, बंदिशीला धरून चालणारी, आलापापासून तानेपर्यंत सगळी अंगं सांभाळणारी. आग्र्याचा जोर नोमतोमवर, बोल फेकण्यावर, लयीशी चाललेल्या झटापटीवर. जयपूरची वाट अवघड रागांची, एकात एक गुंतलेल्या पेचदार तानांची. हे तिन्ही एका माणसाने नुसते गोळा नाही केले, वेगवेगळे ओळखू येतील असे पचवले. म्हणून जाणकार त्यांना तीन घराण्यांचा विद्वान म्हणतात.

याच्यात व्हायोलिनचा काही हात असेल का? मला वाटतं, असेल. हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. ज्या वाद्याला स्वतःचं घराणं नाही, त्याला कुठल्याच घराण्याचं सोवळंही नाही. सतारियाला आधी सतारीच्या बाजाशी प्रामाणिक राहावं लागतं. हिंदुस्थानी व्हायोलिनपुढे असा कुठलाही बाज मांडून ठेवलेला नव्हता. पाहुण्याचं हे पोरकेपणच त्याच्या कामी आलं.

पडदे नसलेलं वाद्य

आता प्रत्यक्ष वाद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

पेटीवर सा दाबला की सा वाजतो, रे दाबला की रे. दोघांच्या मध्ये जे आहे ते पेटीला देता येत नाही. आपल्या रागसंगीताचा जीव नेमका त्या मधल्या जागेत असतो. दरबारीचा गंधार आंदोलत खाली झुकतो, तो एका जागी उभा राहिला तर दरबारी संपलाच. हा आक्षेप इतका तीव्र होता की 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला तीसेक वर्षं गेली. तेव्हाचं रेडिओचं वजन आज सांगून पटणार नाही. शास्त्रीय गायकाची साथ कशावर व्हावी, हे एका सरकारी आदेशाने बदललं.

व्हायोलिनच्या मानेवर पडदेही नाहीत, पट्ट्याही नाहीत. गुळगुळीत लाकूड, त्यावर चार तारा. म्हणजे सुरांच्या मधली सगळी जागा मोकळी. बोट सरकवलं की मींड. पण याच मोकळेपणाची दुसरी बाजू भयंकर आहे : बोट एक केसभर चुकलं की सूर बेसूर. पेटी चुकणाऱ्याला सांभाळून घेते, व्हायोलिन घेत नाही. कुठे थांबायचं हे सांगायला वाद्यावर एकही खूण नसते. ते फक्त कान सांगतो. आणि कान तयार होतो गाण्याने.

मग बसण्याची पद्धत. युरोपात वाद्य हनुवटीखाली धरून उभ्याने वाजवतात. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं एक टोक छातीशी-खांद्याशी आणि दुसरं वळणदार टोक पायाच्या घोट्याजवळ टेकवतो. दिसायला ही साधी सोय. पण तिने डावा हात सुटा होतो. वाद्य सावरण्याचं काम त्याच्याकडे उरतच नाही. तो तारेवर वरपासून खालपर्यंत हवा तसा घसरू शकतो. सव्वा सप्तकाची मींड एका दमात घ्यायची तर हे हवंच. तारांची जुळणीही बदलली. विलायती जुळणी सोडून षड्ज-पंचमाच्या जोड्या लावल्या, म्हणजे मोकळी तार छेडली तरी तंबोऱ्याशी नातं राहील. वाद्याचं लाकूड, आकार, घोडी, गज, काही म्हणता काही बदललं नाही. बदललं ते फक्त धरणं, जुळवणं आणि ऐकणं.

आणि श्वास. गवई एका श्वासात जेवढा आलाप घेतो, तेवढा गजाच्या एका ओढीत बसवायचा. गज उलटा फिरतो तिथे गवई श्वास घेतो. चुकीच्या जागी गज फिरला तर वाक्य मध्येच तुटल्यासारखं होतं. गजाननबुवांचं वादन ऐकताना हे नीट कळतं : गज तिथेच वळतो जिथे बंदिशीचा शब्द संपला असता. शब्द ऐकू येत नाहीत, पण ते वाजवणाऱ्याच्या डोक्यात चालू असतात. म्हणून तर एसटीत मला कोणीतरी गातंय असं वाटलं. मी फसलो नव्हतो. तिथे गाणं चालूच होतं, आवाज तेवढा वेगळा होता.

हे करणारे ते एकटे नव्हते. गोव्याचे श्रीधर पार्सेकर, विष्णू गोविंद जोग, पुढच्या पिढीत दा. के. दातार या मराठी माणसांनी हिंदुस्थानी व्हायोलिनला उभं केलं. जोगांनी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईबरोबर जुगलबंद्या गाजवल्या. दातार हे द. वि. पलुस्करांच्या तालमीतले, म्हणजे तेही गाण्यातून आलेले. प्रत्येकाचा हात वेगळा. गजाननबुवांचं वेगळेपण हे की ते स्वतः तितक्याच तोलाचे गवईही होते. मैफलीत गायला बसले तर गवई, व्हायोलिन घेतलं तर वादक. एकाच माणसात दोन्ही.

हंगेरीतला मुलगा

इथे मघाशी म्हटलेल्या योझेफ सिगेटीची आठवण होते. जन्म 1892, बुडापेस्टचा. लहानपणी शिकला हुबायकडे. हुबाय शिकला होता योआखिमकडे. योआखिम म्हणजे ज्याच्यासाठी ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्तो लिहिला तो. योआखिम, हुबाय, सिगेटी अशा या तीन पिढ्या. आपल्याकडे त्याच तालावर मोजा : बाळकृष्णबुवा, अंतुबुवा, गजाननबुवा. युरोपात गुरुपरंपरा नसते असं आपण सहज म्हणतो, ते खरं नाही.

फरक एवढाच की सिगेटीच्या साखळीतले तिघेही व्हायोलिनवादक. त्याला बोटं कुठे ठेवायची, गज कसा धरायचा हे सांगणारं एक अख्खं घर पाठीशी होतं, बुडापेस्टला संगीत अकादमी होती. गजाननबुवांच्या साखळीत वरचे दोघे गवई.

पण सिगेटीच्या आयुष्यातही एक वळण आलं. त्याचा मित्र होता बेला बार्तोक. हा संगीतकार हंगेरीच्या खेड्यापाड्यांत फोनोग्राफ घेऊन हिंडला, शेतकऱ्यांची, म्हाताऱ्या बायांची गाणी उतरवली. त्या गाण्यांवर आधारलेल्या बार्तोकच्या पियानोच्या रचना सिगेटीने व्हायोलिनसाठी बांधल्या आणि 1930 मध्ये दोघांनी मिळून त्या रेकॉर्ड केल्या. बार्तोकने आपली पहिली ऱ्हॅप्सडी सिगेटीलाच अर्पण केली. म्हणजे एवढी घराणेदार तालीम झालेल्या माणसालाही मायदेशाचा सूर सापडला तो गाणाऱ्या माणसांकडे. 1940 मध्ये दोघेही युद्धाच्या युरोपातून अमेरिकेला गेले. बार्तोक तिथेच वारला. सिगेटी 1973 मध्ये स्वित्झर्लंडला.

सिगेटी आणि गजाननबुवा कधी भेटले नाहीत, भेटण्याचं कारणही नव्हतं. पण दोघांना शेजारी ठेवलं की एक गोष्ट दिसते. वाद्य कुठलंही असो, ते ज्या भाषेत बोलणार ती भाषा आधी कुणाच्या तरी गळ्यात असावी लागते.

पांढरकवड्यापर्यंत

1948 मध्ये औंध संस्थान विलीन झालं. दरबार गेले, दरबारी गवई ही जागाच संपली. गवयांच्या एका पिढीला नवा पोशिंदा मिळाला तो आकाशवाणीचा. गजाननबुवांनीही तिथे काही वर्षं काम केलं. 1972 मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आणि बरोबरीने चालू होतं ते शिकवणं.

त्यांच्याकडे कोण कोण शिकलं हे बघा. पद्मा तळवलकर. वीणा सहस्रबुद्धे. संगीतशास्त्रज्ञ अशोक रानडे. मुलगे मनोहर आणि मधुकर. आणि पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर. यादी परत वाचा : बहुतेक सगळे गळ्याचे. व्हायोलिनवादकाने मागे ठेवलं ते गाणं.

पांढरकवडा यवतमाळच्या पलीकडे, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. 1955 साली तिथे एका वकिलाच्या घरात उल्हास कशाळकर जन्मले. वडील वकिली करता करता गाणारे, गाणं शिकवणारे. थोरले भाऊ अरुण आणि विकास, तेही पुढे नावाजलेले गायक झाले. कापसाच्या मुलखातल्या तालुक्याच्या गावी ख्यालाची तालीम घरातच सुरू होती, हे आमच्याकडच्या मुलांना कोणीतरी सांगायला हवं. उल्हास नागपूर विद्यापीठात संगीत शिकले आणि मग मुंबईला गेले. तिथे राम मराठे आणि गजाननबुवा भेटले. आज कशाळकर ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर ही तिन्ही घराणी स्वच्छ वेगवेगळी गाऊन दाखवतात, कुठे सरमिसळ होऊ देत नाहीत. हे कसब कुठून आलं हे आता वेगळं सांगायला नको. 1993 पासून ते कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून शिकवू लागले, म्हणजे ती ओढ आणखी एक पिढी पुढे गेली.

गजाननबुवा 1987 मध्ये गेले. त्यांच्या व्हायोलिनची रेकॉर्डिंग्ज आज मिळतात ती मोजकी, बरीचशी जुन्या आवाजाची. औंधला अंतुबुवांनी 1940 मध्ये सुरू केलेला संगीतोत्सव अजून चालतो. नाती अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी गातात. पण रस्त्यावरच्या माणसाला विचारलं तर व्हायोलिन म्हणून त्याला हे नाव आठवणार नाही. मला आधी याचं वाईट वाटलं. एवढं वाद्य वाजवलं, आणि नाव उरलं ते दुसऱ्यांच्या ओळखीत, 'अमक्याचे गुरू' म्हणून.

मग एकदा मी क्रम उलटा केला. आधी गजाननबुवांचं व्हायोलिन ऐकलं आणि लगेच कशाळकरांचा विलंबित ख्याल लावला. तुम्हीही करून बघा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, मुखडा घेऊन समेवर येताना घाई होते का. दुसरी, लांब सूर कुठे सोडला जातो. तिसरी, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली जागा कशी भरली जाते. मला कशाळकरांच्या लांब सुरात चक्क गज ओढल्याचा भास झाला. कशाळकरांनी हे व्हायोलिनवरून घेतलं, असा दावा मी करणार नाही. उलटंच असण्याची शक्यता जास्त. गज गळ्याकडून शिकला होता आणि आता गळ्याने आपलं उसनं परत घेतलं होतं.

म्हणून म्हणतो, माझा प्रश्न उलटा होता. गवयाचा गुरू व्हायोलिनवाला कसा, असं विचारायचंच नव्हतं. विचारायचं होतं ते हे की दुसऱ्या मुलखातून आलेलं लाकूड-तारांचं वाद्य आपल्याकडे गायला कुणी शिकवलं. उत्तर एसटीत, दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर, फोनने न विचारता दिलं होतं. मला ते कळायला यवतमाळचं स्टँड यावं लागलं. कंडक्टरने हाक मारली तेव्हा द्रुत सुरू झालं होतं. मी उतरलो, आणि पांढरकवड्याची गाडी ज्या फलाटावर लागते तिथल्या बाकावर बसून बाकीचं ऐकलं.